संगणकाची पेटी : सहज जोडावी, सहज न्यावी

घराघरांत आणि कार्यालयांत ज्या पेटीला आपण 'सीपीयू' म्हणतो, ती पेटी म्हणजे सीपीयू नव्हे. सीपीयू हा तिच्या आत, पंख्याखाली दडलेला, जेमतेम चार सेंटीमीटर बाजूचा एक चौकोनी तुकडा असतो. बाहेरच्या पत्र्याच्या पेटीला दुकानदार 'कॅबिनेट' म्हणतात आणि तेच नाव खरे आहे. हा फरक वर्गात सांगून मुलांना पटत नाही. म्हणून नववीच्या मुलामुलींसमोर एक जुना संगणक संपूर्ण उघडला आणि त्याचे भाग चटईवर ओळीने मांडले. मदरबोर्ड, एसएमपीएस, रॅमच्या दोन पट्ट्या, हार्ड डिस्क, पंखा, तारांचा गुंता आणि शेवटी रिकामे कॅबिनेट. मग विचारले, "यांतला संगणक कोणता?" कोणी मदरबोर्डकडे बोट दाखवले, कोणी हार्ड डिस्ककडे. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, जोडल्याशिवाय कसा सांगणार?"

'मिलिंदप्रश्ना'चा अभ्यास केलेल्या वाचकांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. भदन्त नागसेनांनी ग्रीक राजा मिलिंदाला त्याच्याच रथाविषयी असेच विचारले होते. चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येक वेळी 'नाही' म्हणावे लागले. भाग एका विशिष्ट रीतीने एकत्र आले की त्या रचनेला आपण 'रथ' हे नाव देतो, एवढेच. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले. वादात समाधान झाल्यावर ते मान्य करण्याचे मोठेपण त्या राजापाशी होते. असो. माझ्या पाठाचा विषय रथ नव्हता, रथाची चौकट होता. भागांना एकत्र धरून ठेवणारी, त्यांना ऊन-धूळ-धक्क्यापासून जपणारी आणि गरज पडली की एका हाताने उचलता येणारी पेटी कशी असावी, हा प्रश्न आम्ही हाती घेतला.

हा प्रश्न हौसेतून आला नव्हता. आपल्या वसतिगृहातली मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत आपापल्या वस्तीवर जातात. तिथल्या बुद्धविहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. बहुतेक विहारांत आता एक टीव्ही असतो, पण संगणक नसतो. शाळेत मात्र सुट्टीभर संगणक प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली पडून असतात. ते न्यायचे म्हटले तर एसटीत कोण नेणार? साधे टॉवर कॅबिनेट दोन्ही हातांनी कवटाळून धरावे लागते, गुडघ्यावर ठेवले तर मांडीला कडा रुततात आणि उतरेपर्यंत आतले काहीतरी सैल झालेले असते. लॅपटॉप का नको, असे पालकांनी विचारले, आणि प्रश्न रास्त आहे. पण अनेक लॅपटॉपमध्ये रॅम आणि इतर भाग बोर्डावर कायमचे झाळलेले असतात, एक भाग गेला की सगळे यंत्र जाते. शिवाय तो मुलांना उघडून दाखवता येत नाही. आम्हाला असे यंत्र हवे होते की जे नेता येईल आणि उघडताही येईल.

इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे मी आधी मागे वळून पाहिले. नेता येणे आणि उघडता येणे या दोन गोष्टींची ताटातूट संगणकाच्या इतिहासात फार लवकर झालेली दिसते. १९८१ साली अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने दोन यंत्रे बाजारात आली. एप्रिलमध्ये 'ऑस्बोर्न १' आले. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, पडदा फक्त पाच इंचांचा आणि कीबोर्ड म्हणजेच पेटीचे झाकण. बंद केले की मूठ धरून न्यावे, विमानात आसनाखाली सरकवावे, अशी कल्पना होती. त्यात बॅटरी नव्हती, त्यामुळे पोहोचाल तिथे आधी विजेचा बोर्ड शोधणे आले. हे यंत्र काढणारे ॲडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलै येथे गेले आणि २००३ साली त्यांचे निधन कोडैकनालला झाले, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. त्यांची कंपनी १९८३ मध्येच दिवाळखोरीत गेली. त्याच सुमारास 'कॉम्पॅक'चे यंत्र आले. त्याचे वजन १३ किलोंच्या जवळ, मूठ असलेले आणि आकाराने हातशिलाईयंत्राच्या पेटीएवढे. आपल्या वस्त्यांतल्या ज्या स्त्रियांनी शिलाईयंत्र एका घरातून दुसऱ्या घरी नेले आहे, त्यांना हे 'नेण्याजोगे' म्हणजे काय ते कळेल.

दुसरे यंत्र ऑगस्ट १९८१ मधले, आयबीएमचे 'पर्सनल कॉम्प्युटर'. ते नेण्यासाठी नव्हतेच. पण त्याचे झाकण काही स्क्रू काढून उघडत असे, आत जादा कार्डे बसवायला खाचा होत्या, आणि कंपनीने विद्युतमंडलाच्या आकृत्यांसह त्याची तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांना त्याला जोडणारे भाग बनवता आले, पुढे तसेच यंत्रही बनवता आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तालुक्याच्या गावातल्या लहान दुकानात जो 'असेंबल्ड' संगणक तयार होतो, त्याचे मूळ त्या उघडणाऱ्या झाकणात आहे. ज्ञान पेटीत कुलूपबंद राहिले नाही, म्हणून ज्याच्यापाशी भांडवल नव्हते तोही एका स्क्रू ड्रायव्हरच्या जोरावर कारागीर झाला.

याच्या अगदी उलट उदाहरण १९८४ च्या 'मॅकिंटॉश'चे. त्याच्या डोक्यावर हात घालून उचलायची सुरेख खोबण होती, वजन साडेसात किलोंच्या आसपास. पण पेटी उघडायची तर खोल भोकांतले स्क्रू काढायला लांब दांड्याचा ताराकृती स्क्रू ड्रायव्हर लागे, आणि जादा कार्डासाठी आत खाच नव्हती. उचला, वापरा, पण आत पाहू नका, असा त्याचा एकंदर भाव होता. त्याच कंपनीने १९९८ मध्ये 'आयमॅक' काढला. तो १७ किलोंचा होता, म्हणजे रोज उचलून नेण्याचा नव्हे, तरीही त्याच्या माथ्यावर मूठ होती. ती का ठेवली, याचे कारण त्याचे अभिकल्पक जॉनी आइव्ह यांनी सांगितले आहे. लोकांना यंत्राची भीती वाटते, आणि ज्याची भीती वाटते त्याला माणूस हात लावत नाही. मूठ दिसली की हात लावायला परवानगी असल्यासारखे वाटते.

हे वाचून मी बराच वेळ थांबलो. स्पर्शाची परवानगी! ज्या समाजाने १९२७ साली महाडला जाऊन पाण्याला हात लावला, त्या समाजाच्या शिक्षकाला हा शब्द नुसता अभिकल्पाचा शब्द म्हणून वाचता येत नाही. आणि माझ्या अनुभवाने सांगतो, आजही अनेक शाळांतल्या संगणककक्षाच्या दारावर पहिली सूचना 'हात लावू नये' हीच असते. हेतू जातीचा नसतो, यंत्र जपण्याचा असतो, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या घरी संगणक आहे, त्या मुलाला या सूचनेने काही तोटा होत नाही. ज्याच्या घरी नाही, त्याच्या बाबतीत शाळेतली सूचना हीच शेवटची सूचना ठरते. १९४५ च्या काँग्रेस व गांधीजींवरील ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रविरोधाचा समाचार घेताना दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, असे मांडले. माणसाला पशुवत कष्टातून सोडवून फुरसत आणि संस्कृती मिळवून देणारे साधन म्हणून त्यांनी यंत्राची बाजू घेतली. ते साधन कोणाच्या हातात, हा प्रश्न त्यातच आला.

आता प्रत्यक्ष पेटीकडे येतो. मापांशिवाय या विषयात बोलणे व्यर्थ आहे. नेहमीचा एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो. हे माप इंटेलने १९९५ मध्ये ठरवून दिले. लहान पेटीसाठी तो कामाचा नाही. 'मिनी-आयटीएक्स' नावाचा बोर्ड १७० मिलिमीटर चौरस असतो. हे माप २००१ मध्ये व्हिया कंपनीने आणले. त्याचप्रमाणे नेहमीचा एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असतो, तर 'एसएफएक्स' प्रकारचा १२५ बाय १०० बाय ६३.५. हे दोन लहान भाग नेहमीच्यापेक्षा महाग पडतात, हे आधीच सांगून ठेवतो. आम्ही बोर्ड जुना घेतला. हार्ड डिस्क मात्र फिरत्या तबकडीची ठेवू नये. ती चालू असताना धक्का बसला तर आतली नोंद कायमची जाऊ शकते. एसएसडीत हलणारा भागच नसतो.

मुलांनी बोर्ड आडवा तळाशी ठेवला आणि एसएमपीएस त्याच्या शेजारी कडेवर उभा केला. १७० आणि ६३.५ मिळून २३३.५. तारांना जागा सोडून आतली रुंदी २६२ धरली. भिंती नऊ मिलिमीटरच्या प्लायवूडच्या, म्हणून बाहेरून २८० मिलिमीटर. खोली २४०, उंची १५०. गुणाकार केला तर दहा लिटर. साध्या टॉवर कॅबिनेटची जागा याच्या तिपटी-चौपटीने असते.

पहिल्या नमुन्यात पेटीला वरून झाकण होते. झाकण दोन कड्यांनी बसत असे आणि त्याच झाकणावर मूठ लावली होती. मूठ वरच असायला हवी आणि वर तर झाकण आहे, म्हणून मूठ झाकणावर, असा सरळ विचार मी केला. मुलांपैकी कोणी हरकत घेतली नाही, कारण सरांनी सांगितले होते. दुसऱ्याच दिवशी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एक कडी निसटली. मूठ आणि झाकण मुलाच्या हातात राहिले, पेटी तीन पायऱ्या खाली गेली. मुलगा रडवेला झाला. त्याला समजावताना मला कळले की चूक त्याची मुळीच नव्हती. ज्या भागावर भार आहे त्या भागाला मूठ असली पाहिजे, हा साधा नियम मी मोडला होता. पाण्याची घागर आपण झाकणाने कधी उचलतो का?

बोर्ड वाचला, प्लायवूडचा कोपरा फुटला. त्यानंतरच्या तासाला एका मुलीने स्वयंपाकघरातून काडेपेटी आणली आणि टेबलावर ठेवली. आतला खण बाहेर ओढला, पुन्हा आत ढकलला. एवढेच. झाकण काढून टाकण्याची कल्पना तिची. बाहेरचे लाकडी वेष्टन वेगळे आणि आत सरकणारा खण वेगळा. मूठ वेष्टनाला, यंत्र खणाला.

दुसरा नमुना याच रीतीने झाला आणि माझ्या मते त्याचे मर्म खणातच आहे. दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा काटकोनात वाकवून घेतला. आडवा भाग म्हणजे तळ, उभा भाग म्हणजे पेटीची मागची बाजू. बोर्ड तळावर पितळी स्पेसरवर बसतो, एसएमपीएस मागच्या उभ्या भागाला स्क्रूने आवळला जातो. मागच्या बाजूला बोर्डाच्या जोडण्यांसाठी १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरचे चौकोनी भोक पाडावे लागते. हे माप सर्व बोर्डांना सारखे असते. पंखाही तळाच्या पुढच्या कडेला पट्टीवर लावला, वेष्टनाला नाही. वेष्टनाला एकही तार गेलेली नाही. चालू करण्याचे बटणसुद्धा मागेच ठेवले. ते किंचित गैरसोयीचे आहे, मुलांची तक्रार आहे, पण पुढे ठेवले असते तर खण ओढताना तार तुटली असती.

यामुळे जोडणीचे सारे काम पेटीच्या बाहेर, टेबलावर, चारही बाजूंनी उजेड आणि हात पोहोचेल असे होते. नेहमीच्या कॅबिनेटमध्ये कोपऱ्यात हात घालून, मोबाइलचा उजेड दाताखाली धरून स्क्रू लावावे लागतात. ज्याने ते केले आहे त्याला फरक सांगायला नको. शिवाय एसएमपीएसचे धातूचे आवरण अर्थिंगला जोडलेले असते आणि तोच पत्रा तळाचाही असल्यामुळे सगळ्या धातूला अर्थिंग आपोआप मिळते. मात्र तीन पिनांचाच प्लग लावावा आणि भिंतीतल्या बोर्डाला खरे अर्थिंग आहे का, हे विहारात आधी तपासून घ्यावे. एसएमपीएस मुलांनी कधीही उघडू नये. वीज काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरांत भार शिल्लक राहतो.

स्क्रूंविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण जोडणीतला अर्धा त्रास तिथला आहे. संगणकात दोन जातींचे स्क्रू येतात, 'सहा-बत्तीस' आणि 'एम-३'. दिसायला जवळजवळ सारखे, पण आटे वेगळे. एकाच्या भोकात दुसरा आवळला की आटे झिजतात आणि मग तो स्क्रू कधीच धरत नाही. आम्ही स्पेसर सहा-बत्तीसचे घेतले, म्हणून बोर्ड आणि एसएमपीएस या दोघांचे आठ स्क्रू एकाच मापाचे झाले. खण वेष्टनाला धरून ठेवणारे दोन, तेही त्याच मापाचे, पण हाताने फिरवता येतील अशा मोठ्या डोक्याचे. एसएसडीला एम-३ लागतात, म्हणून तिला स्क्रूच लावले नाहीत, दप्तराच्या चिकटपट्टीने बसवली. तिचे वजन नगण्य असते. पंख्याचे चार तेवढे वेगळे राहिले.

जोडणी चुकूच नये अशी रचना करणे हे चुकू नको असे बजावण्यापेक्षा केव्हाही चांगले. याचेही उदाहरण इतिहासात आहे. एटीएक्सच्या आधीच्या संगणकांत बोर्डाला वीज देणारे दोन सारखे प्लग असत. ते अदलाबदल करून लावता येत आणि तसे लावले की बोर्ड जळे. काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या पाहिजेत, एवढे एकच सूत्र कारागीर पाठ करून ठेवत. एटीएक्सने दोन प्लगांच्या जागी एकच प्लग आणला आणि त्याच्या खाचा अशा घडवल्या की तो उलटा बसतच नाही. नवशिक्या मुलीचा हात आणि वीस वर्षांच्या कारागिराचा हात त्या प्लगापुढे सारखे झाले.

मुठीसाठी जुन्या दप्तरांचे नायलॉनचे पट्टे वापरले. पट्टा वेष्टनाच्या तळाखालून जातो, दोन्ही बाजूंनी वर येतो आणि वर त्याचीच मूठ होते. सगळा भार तळ पेलतो. पट्टा नेमका कुठून न्यायचा, हे आम्ही अंदाजाने ठरवले नाही. भरलेली पेटी एका गोल काठीवर ठेवून पुढे-मागे सरकवली आणि ती तोलून राहिली त्या रेषेवर खूण केली. बोर्ड आणि एसएमपीएस दोन्ही मागच्या बाजूला असल्यामुळे ही रेषा मध्यापासून पावणेदोन सेंटीमीटर मागे निघाली. पट्टा बरोबर मध्यातून नेला असता तर उचलताच पेटीची मागची बाजू झुकली असती आणि खण त्याच दिशेला निघतो. गुरुत्वमध्याचा धडा विज्ञानाच्या पुस्तकात होता, पण तो मुलांना त्या दिवशी काठीवर कळला, असे विज्ञानशिक्षिकांनी मला हसत सांगितले. शाळेच्या काट्यावर भरलेल्या पेटीचे वजन ४ किलो ३०० ग्रॅम भरले.

हवा पुढून आत येते, मागच्या छिद्रांतून बाहेर जाते. पुढच्या भोकावर मच्छरदाणीचे कापड दोन पदरी लावले आहे. पंखा हवा आत ढकलत असल्यामुळे पेटीत दाब किंचित जास्त राहतो आणि धूळ इतर फटींतून शिरण्याऐवजी त्या कापडावरच अडते. कापड महिन्यातून एकदा धुवावे. एसएमपीएसच्या पंख्यासाठी उजव्या बाजूला छिद्रे आहेत, तिथे पट्ट्यापुरती दोन बोटे जागा सोडली आहे. पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नये. पावसाळ्यात बाहेरून आणल्यावर अर्धा तास तशीच ठेवून मग वीज द्यावी, आत दमटपणा धरलेला असतो.

गेल्या उन्हाळ्यात ही पेटी तीन वस्त्यांवर जाऊन आली. एसटीत ती आसनाखाली मावली. एका विहारात टीव्हीला एचडीएमआयची तार लावून मुलांनी आधी चित्रे दाखवली, नंतर वीज बंद करून, प्लग काढून, खण बाहेर ओढला. मंडळी पुढे सरकली. एक आजी मागेच उभ्या होत्या. आपल्याच शाळेची दहावीत गेलेली मुलगी त्यांना म्हणाली, "आजी, या ना, हात लावून बघा." आजींनी पदराला हात पुसले आणि विचारले, "बाई, माझ्या हातानं बिघडायचं नाही ना?" मुलीने त्यांना आधी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला बोटे टेकवायला सांगितली. अंगातली स्थिर वीज पत्र्यात उतरते आणि मग बोर्डाला धोका राहत नाही, हे आम्ही वर्गात शिकवले होते. मग आजींनी रॅमची पट्टी काढली आणि मुलीने दाखवल्याप्रमाणे पुन्हा बसवली. खाच जुळल्याचा 'टक' आवाज सगळ्यांना ऐकू आला.

दुसरी पेटी या सत्रात करायची आहे. तिच्यात बटणाची अडचण सोडवण्याचा मुलांचा प्रयत्न आहे. खणाच्या पुढच्या कडेवर बटण ठेवून वेष्टनाला त्यापुरते भोक पाडावे, असे एकाने सुचवले आहे आणि ते मला पटते. दोन्ही नमुन्यांची रेखाटने शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना आपल्या वस्तीसाठी पेटी करायची असेल त्यांनी ती अवश्य उतरवून घ्यावीत. फक्त स्पेसरच्या छिद्रांच्या खुणा रेखाटनावरून घेऊ नयेत. आपला बोर्डच कागदावर ठेवून पेन्सिलीने कराव्यात, कारण आमच्या रेखाटनात त्या जागी पाऊण मिलिमीटरची चूक राहिली आहे आणि ती अजून दुरुस्त केलेली नाही.